साधूच्या हातातली भाकर

आमच्या मंजनाच्या डब्यावर एक साधू आहे. मागे रामटेकची टेकडी, वर देवळाचा कळस, खाली झाडाच्या सावलीत दाढीवाला साधू, आणि त्याच्यापुढे परकर-पोलकं घातलेली गोरीपान पोरगी. परवा नात दुकानातून तो डबा घेऊन आली आणि मागचा मजकूर मला वाचून दाखवू लागली. मला वाचता येतं, चौथी झाली आहे माझी, पण अक्षर मुंगीएवढं. मी म्हटलं, "राहू दे. त्या पोरीला मी ओळखते. ती माझी माय आहे."

नात हसली. चित्रातली पोरगी गोरी, आणि आम्ही सगळे पिढ्यान् पिढ्या काळे.

आधी खरं काय ते सांगून टाकते. खरं थोडंसंच आहे, लवकर आटोपतं.

माझी माय कोळशाच्या टालीवर कामाला होती. सीताबर्डीच्या मागच्या अंगाला जळाऊ लाकूड आणि कोळसा विकायची ती जागा. पोत्यातला कोळसा ओतायचा आणि निवडायचा. मोठे तुकडे इस्त्रीवाल्यांना, मधले घरच्या शेगडीला. तळाला उरायचा चुरा, त्याला कोणी विचारत नव्हतं. माय त्यातला बाभळीच्या कोळशाचा चुरा मूठभर घरी आणायची, मिठाबरोबर पाट्यावर वाटायची आणि जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळायची. लवंग असली तर लवंग, नसली तर नाही. आमची अख्खी गल्ली त्यानं दात घासायची. माय दिवसभर कोळशात काळी झालेली असायची, त्यामुळे लोकांना आधी तिचे दात दिसायचे आणि मग ती.

एकदा टालीच्या मालकाची दाढ सुजली. तीन दिवस माणूस गाल धरून वजनाच्या काट्याजवळ बसला. ना जेवण, ना शिव्या. चौथ्या दिवशी मायनं कागदाच्या पुडीत तो चुरा नेला आणि म्हणाली, "मालक, हे लावून पहा." तिनं हात पुढे केला. मालक म्हणाला, "ठेव तिथं."

तिथं म्हणजे काट्याजवळच्या फळीवर. मायनं पुडी फळीवर ठेवली आणि ती मागे सरकली. मग मालकानं पुडी उचलली, सोडली आणि त्यातलं मंजन सरळ तोंडात घातलं.

पुडी तिच्या हातातून घेतली असती तर विटाळ झाला असता. तोंडात घातली तर ते औषध. मायनं ही गोष्ट मला किती वेळा सांगितली असेल त्याचा हिशोब नाही, आणि दर वेळी ती हसून सांगायची. फक्त "ठेव तिथं" हे दोन शब्द ती मालकाच्या आवाजात म्हणायची, आणि तेवढ्यापुरती हसायची नाही.

दाढेची सूज उतरली. मालकानं विचारलं, यात काय काय आहे. मायनं सांगितलं. महिनाभरात वाया जाणारा चुरा पुड्यांमधून विकला जाऊ लागला, मग पत्र्याच्या डब्यांतून. टाल गेली आणि टिनाचं छप्पर घातलेला कारखाना आला. मालकाचे शेटजी झाले. माय तिथंच राहिली, आणि लग्नानंतर मीही तिथंच लागले. दोघी दोघींनी कापडाची टोकं धरायची आणि वस्त्रगाळ करायची, नाकातोंडाला फडकं बांधून. मधल्या काळात आम्ही दीक्षा घेतली, देव गेले, घरात बुद्धाची तसबीर आली. कारखान्यात मात्र आम्ही सकाळी जाताना बायका असायचो आणि संध्याकाळी निघताना कोळसा.

हे झालं खरं. आता इतिहास.

शेटजींचा मुलगा मुंबईला दोन वर्षं राहून परत आला. सत्तर साल उलटून गेलं होतं. मुंबईहून तो एक गोष्ट शिकून आला होता. माल जुना झाला की खराब होतो, पण कंपनी जुनी असली की खपते. तिकडच्या साबणाच्या वड्यांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर कोणा आजोबांचे फोटो असतात, आणि खाली लिहिलेलं असतं, अमक्या सालापासून. आपल्या डब्यावर काहीच नाही याचं त्याला फार वाईट वाटलं. त्यानं ठरवलं की आपण महोत्सव करायचा, पंचाहत्तरीचा.

कारखान्याला तेव्हा वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. माणूस विशीचा असेल तर त्याची पंचाहत्तरी करता येत नाही. कंपनीची येते, फक्त आजोबा लागतात.

पुस्तक लिहायला एक मास्तर आणले. शाळेतून निवृत्त झालेले, इतिहास शिकवायचे. मी समोरच बसून डब्यांना खळ लावून लेबलं चिकटवत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मास्तरांनी म्हाताऱ्या शेटजींना मोठ्यानं विचारलं, सुरुवात कशी झाली. शेटजींना ऐकायला कमी येत होतं आणि तोंडात कवळी होती. मंजनाच्या मालकाचे स्वतःचे सगळे दात गेले होते, म्हणून ते चारचौघांत कमीच बोलत. ते म्हणाले, "चुरा वाया जाऊन राहिला होता."

मास्तरांनी लिहून घेतलं. धाकट्या शेटजींनी वहीत डोकावून पाहिलं.

"मास्तर, चुरा नको."

"अहो, पण तुमचे वडीलच सांगताहेत."

"त्यांचं काय, ते खरं सांगून राहिले. आपल्याले इतिहास पाहिजे."

"कोळसा तरी येऊ द्या."

"कोळसा कोण तोंडात घालते गा मास्तर? जडीबुटी म्हणा."

आठ दिवसांनी मास्तर साधू घेऊन आले. दुष्काळाचं साल, रामटेकच्या टेकडीवर एक साधू आजारी पडलेला, शेटजींच्या आजोबांनी त्याची सेवा केली, साधू प्रसन्न झाला आणि त्यानं दातांची जडीबुटी दिली. रामटेकच का, तर मास्तरांची सासुरवाडी त्या बाजूला होती आणि वाटेवरची गावं त्यांना पाठ होती. शेटजींचे खरे आजोबा कोण होते हे शेटजींनाही नीट सांगता येत नव्हतं. त्यामुळे ते सेवा करायला मोकळेच होते.

मी घरी येऊन मायला हे सांगितलं. तिनं काम सोडून दोन वर्षं झाली होती. वय असेल पासष्टच्या आसपास. आमच्यात जन्माचा कागद नसतो, कोणत्या पुराच्या वेळी जन्म झाला तेवढं सांगतात. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"पुस्तक निघून राहिलं का?"

"हाव."

"मंग मी त्यात पाहिजे."

"तुले तर वाचता येत नाही, माय."

"मले कशाले वाचाले पाहिजे? दुसऱ्याईनं वाचलं म्हणजे झालं."

माझ्या मायनं जन्मात कारखान्याकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदाच तिनं लुगडं बदललं आणि मागायला निघाली. मी बरोबर गेले. धाकट्या शेटजींनी तिला खुर्चीवर बसवलं. तेव्हाची ती नवी रीत होती.

"मावशी, तुम्ही तर आमच्या घरच्याच."

"तेच म्हणते मी. घरच्याईचं येते ना पुस्तकात?"

"येते ना, काहून नाही. पण काय लिहाचं?"

"टालीवर मी पुडी देल्ली होती ते लिहा."

धाकटे शेटजी थोडा वेळ पेन फिरवत बसले. मग एकदम म्हणाले, "मावशी, जरा हसून दाखवा."

माय गोंधळून हसली. बत्तीसच्या बत्तीस दात. शेटजींचा चेहरा खुलला. त्यांनी ठरवलं की महोत्सवात मावशीला स्टेजवर बसवायचं. सगळ्यांसमोर ती अख्खी सुपारी दातांनी फोडेल आणि म्हणेल, मी लहानपणापासून हेच मंजन वापरते. मग तो फोटो पुस्तकाच्या शेवटच्या पानावर येईल.

म्हणजे मंजन जिचं, तीच गिऱ्हाईक म्हणून उभी राहणार. त्यावर कडी म्हणजे मायनं डब्यातलं मंजन आयुष्यात लावलं नव्हतं. वजनाला त्यात खडूची भुकटी पडते हे तिला माहीत होतं. ती अजून चुलीतल्या बाभळीच्या कोळशावरच होती.

रस्त्यात मी तिला म्हटलं, "अजिबात जायचं नाही. सर्कशीतलं जनावर आहेस का तू, दात दाखवायला?"

"उभी तर राहू दे वं. उभं राहिल्यावर पाहू."

महोत्सव एका शाळेच्या मैदानात मांडव घालून झाला. नरखेडकडून, काटोलकडून दुकानदार आले होते. प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक आणि दोन संत्री. आम्ही कारखान्याच्या बायका मागच्या सतरंजीवर. म्हातारे शेटजी स्टेजवर हार घालून, तोंड घट्ट मिटून बसले होते, कारण कवळी ढिली होती. मास्तरांनी इतिहास वाचला. साधू आजारी पडला तिथं त्यांचा गळाही भरून आला. शिकवताना इतक्या वर्षांत आला नसेल.

मग मायला बोलावलं. तिनं सुपारी दाढेखाली धरली आणि कडकन फोडली. टाळ्या पडल्या. मास्तरांनी माइक तिच्या तोंडाशी धरला आणि पाठ करून घेतलेलं वाक्य हळूच सांगितलं. माय ते नीट म्हणाली, "मी लहानपणापासून हेच मंजन लावते."

मास्तर माइक काढून घेऊ लागले. तिनं तो हातानं धरून ठेवला.

"काहून का, हे त्या साधूनं मलेच देल्लं होतं."

मास्तर हातातल्या पुस्तकाची पानं चाळू लागले.

"मी एवढीशी होती. काड्या वेचाले जात होती. तो टेकडीच्या खाली झाडापाशी बसला होता, तीन दिवसाचा उपाशी. लोकं येत होते, पाया पडून जात होते, खाल्लं का म्हणून कोणी विचारून नाही राहिलं. माझ्याजवळ मायनं बांधून देल्लेली ज्वारीची भाकर होती. म्हटलं, महाराज, भाकर घ्या. अन् मी ते खाली ठेवाले गेली. तं तो म्हणते, खाली काहून ठेवतं वं पोरी? हातात दे. मी देल्ली. त्यानं माझ्या हातातून घेतली, माझ्यासमोर खाल्ली, पाणी पेला, अन् मंग मले पुडी देल्ली. ते पुडी मी शेटजीच्या आजोबाले नेऊन देल्ली." इथं ती वळली आणि म्हाताऱ्या शेटजींकडे पाहून म्हणाली, "त्याईनंबी हातातूनच घेतली."

टाळ्या पडायला जरा वेळ लागला, पण पडल्या तेव्हा जोरात पडल्या. पुढच्या रांगेतले काही मोठे लोक मायकडे पाहून एकमेकांच्या कानात बोलले. ती कोणत्या वस्तीतली हे त्यांना माहीत होतं. म्हाताऱ्या शेटजींनी कानाला हात लावून मुलाला विचारलं, इतक्या मोठ्यानं की मागे आम्हालाही ऐकू आलं, "काय म्हणते ती?"

"काही नाही."

"टालीवरची आहे ना ही?"

मुलगा टाळ्या वाजवू लागला. म्हाताऱ्यानं दोन्ही हात छातीपाशी नेले. हात जोडले की हार सावरला, ते मला मागून नीट दिसलं नाही. माय म्हणायची, जोडले. तिनं त्याच दिवशी आणखीही बरंच काही सांगितलं होतं, म्हणून मी ते तसंच सोडून देते.

घरी येताना मी म्हटलं, "एवढं खोटं?"

"खरं त्याईले नको होतं. मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी धाकटे शेटजी कारखान्यात दिसेल त्याच्यावर खेकसत होते. पण करणार काय? साधू नव्हताच, त्यामुळे तो येऊन मायला खोटं पाडू शकत नव्हता. मग माल घेऊन खेड्यांत गेलेली माणसं परत आली आणि म्हणाली, लोक त्या आजीबद्दल विचारतात, साधूला पाहिलेली आजी कुठं आहे. धाकट्या शेटजींचा राग उतरला. मास्तरांनी गणित मांडलं. साधू आला त्या साली पोरगी दहा वर्षांची धरली, तर आज आजी पंच्याऐंशी वर्षांची पाहिजे. छापताना नव्वद केले. माझी माय एका दुपारी पंचवीस वर्षांनी म्हातारी झाली. नव्वदीच्या बाईचे बत्तीस दात म्हटल्यावर डबे आणखी खपले.

वस्तीत वेगळीच भानगड. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काहून वं बाई, आपण दीक्षा घेतली, अन् तू साधूले भाकरी वाढून राहिली?"

"तवा मी दहा वर्षांची होती," माय म्हणाली. "तवा कुठं दीक्षा झाली होती?"

"मंग पाया पडली का त्याच्या?"

"अजिबात नाही. भाकर देल्ली, पुडी घेतली अन् चालली गेली."

यावर शेजारणींचं समाधान झालं. मी आत भांडी घासत होते. मला कळेना की न झालेल्या गोष्टीबद्दल ही इतकी काटेकोर कशी राहते.

वर्ष संपलं तसं कंपनीचं कॅलेंडर निघालं. मी ते घरी आणून मायपुढे उलगडलं. साधू होता, टेकडी होती, झाडसुद्धा होतं. पोरगी गोरी होती, डोळे मोठे, कपाळाला कुंकू. त्याचं मायला काही नव्हतं. ती पोरीच्या हाताकडे पाहत होती.

"हे काय आहे?"

"संत्रं."

"भाकर कुठं गेली?"

मायनं पुन्हा लुगडं बदललं आणि माझ्याबरोबर कारखान्यात आली. या वेळी ती खुर्चीवर बसली नाही.

"मालक, भाकर काहून काढली?"

"मावशी, साधू लोक फळंच खातात. अन् नागपूर म्हटलं म्हणजे संत्रं, लोकाईले लवकर समजते."

"फळ तं तुम्हीबी आमच्या हातचं घेता. भाकर नाही घेत."

शेटजींनी टेबलावरचे कागद सारखे केले. आधीच सारखे होते.

"तसं काही नाही, मावशी. आता तो जमाना राहिला का?"

"नाही ना राहिला? मंग भाकर ठेवा."

"चित्रच आहे ते. चित्रात काय आहे?"

"चित्रात काही नाही तं काढली काहून?" माय म्हणाली. "पहा मालक, भाकर नसली तं साधूबी नव्हता. मी म्हातारी बाई, नव्वद वर्षांची. मले विसर पडला म्हणून सांगीन. टालीवर चुरा होता अन् तुमच्या बापाची दाढ सुजली होती, एवढंच मले आठवते म्हणीन. कुठं पुडी ठेवाले लावली तेबी आठवते म्हणीन."

खरं सांगेन अशी धमकी मी माझ्या आयुष्यात तेवढी एकदाच ऐकली. धाकटे शेटजी माझ्याकडे पाहू लागले, जणू मी तिला आवरीन. मी लेबलं मोजत होते.

पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरावर भाकर आली, डब्यावरही आली. चित्रकाराला ज्वारीची भाकर कधी काढायची वेळ आली नसावी. त्यानं ती पिवळीधमक काढली, आणि पोरीच्या हातून साधूच्या हातात जाताना ती पापडाएवढी दिसत होती. नरखेडच्या एका दुकानदारानं विचारलं म्हणे, साधूच्या हातात हा सूर्य आहे का? मायनं त्या भाकरीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ ते तसंच ठेवलं.

"ज्वारीची भाकर अशी पिवळी नसते," ती म्हणाली. मग कॅलेंडर गुंडाळत म्हणाली, "जाऊ दे. हातात आहे ना."

त्यानंतर ती सात-आठ वर्षं जगली. दर वर्षी कॅलेंडर आलं की आधी भाकर तपासायची, मग भिंतीवर लावायची. ती गेली तेव्हा कंपनीनं पेपरात चौकट दिली, शतायुषी आजींना श्रद्धांजली म्हणून. दात दिसणारा फोटो छापला. ती पंचाहत्तरीची असेल, म्हणजे पंचाहत्तरी झाली ती तिचीच, कंपनीची नव्हे.

पुढच्या वर्षी संत्रं परत आलं.

मी त्या वेळी कामावर होते. धाकट्या शेटजींच्या समोरून रोज जायचे. मी काही बोलले नाही. मायसारखं खोटं मला बोलता येत नाही, आणि नुसतं खरं घेऊन मी तिथं काय करणार होते?

परवा नातीला एवढं सगळं सांगितलं. डबा तिच्या हातातच होता. ती इतिहासात हुशार आहे, शाळेत पैकीच्या पैकी घेते.

"आजी, म्हणजे साधू नव्हताच?"

"नव्हता."

"मग तुझ्या मायनं त्याला संत्रं दिलं नाही."

"नाही."

"भाकरपण नाही."

"भाकर दिली," मी म्हटलं. "आणि त्यानं ती हातातून घेतली."

"आजी, असं कसं होईल?"

मी तिला सांगितलं, डबा फळीवर ठेव आणि जेवायला ये. मग म्हटलं, नको, इकडे आण, माझ्या हातात दे.